खंड्याच्या वाडग्यातील वर्गमूळ

खंड्या दोन वर्षांचा झाला तेव्हा पशुवैद्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत, "आता पिल्लांचे खाद्य बंद करा आणि प्रौढ कुत्र्यांचे सुरू करा," असे सांगितले, आणि पानात पडेल ते मुकाट्याने गिळणाऱ्या माझ्यासारख्या माणसावर आहारशास्त्राचे संकट कोसळले. लहान चणीची कुत्री वर्षभरात प्रौढ होतात, थोराड जातींना दीड ते दोन वर्षे लागतात आणि त्यानंतर पिल्लांच्या खाद्यातील जादा उष्मांक उंचीकडे न जाता घेराकडे वळतात, एवढे त्यांनी समजावले. परंतु नेमके कोणते खाद्य आणावे, या माझ्या प्रश्नाला "संपूर्ण आणि संतुलित असे लिहिलेले असेल ते," असे मोघम उत्तर देऊन ते टेबलावरच्या मांजरीकडे वळले.

दुकानात जमिनीपासून छतापर्यंत पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीवर एक असे कुत्रे होते, की ज्याच्यासमोर मला स्वतःच्या केसांची लाज वाटावी. कोरडे, ओले आणि या दोहोंच्या मधले निमओले असे तीन प्रकार आहेत, हे विक्रेत्याने सांगितले. कोरड्यात पाणी साधारण 10 टक्के असते, डब्यातल्या ओल्या खाद्यात मात्र ते 75 ते 80 टक्के असते. एका पिशवीतील दाणे लाल, हिरवे आणि पिवळे होते. कुत्र्याला प्रामुख्याने निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट ओळखता येतात, हे मी कुठेतरी वाचले होते. म्हणजे तांबडा दाणा खंड्यासाठी नसून माझ्यासाठी होता, हे उघड झाले आणि मी ती पिशवी जागेवर ठेवली.

खरा घोळ मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत होता. कोरड्या खाद्यावर प्रथिने 24 टक्के आणि ओल्यावर अवघी 8 टक्के लिहिलेली पाहून, डबेवाल्यांनी सरळसरळ पाणी विकायला काढले आहे, असा निष्कर्ष मी मोठ्याने जाहीर केला. विक्रेत्याने अत्यंत शांतपणे सांगितले, की तुलना करण्याआधी दोन्हींतले पाणी वजा करावे लागते. डब्यात 78 टक्के पाणी, म्हणजे शुष्क भाग 22 टक्के. त्या 22 पैकी 8 प्रथिने, म्हणजे 36 टक्क्यांहून अधिक. कोरड्याचा तोच हिशेब जेमतेम 27 वर थांबला. शाळेत शेकडेवारीच्या तासाला मी खिडकीबाहेर पाहत असे, त्याचे व्याज इतक्या वर्षांनी एका कुत्र्यामुळे भरावे लागले.

घटकांच्या यादीत कोंबडी पहिली पाहून मी पुन्हा आनंदलो. त्यावर कळले, की घटक शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि ताज्या मांसात बहुतांश पाणीच असल्यामुळे ते सहज वरचा क्रमांक पटकावते. पाणी उडाल्यावर त्याखालचे धान्य पुढे गेलेले असू शकते. शिवाय तेथे 'राख' असाही एक शब्द होता. खाद्य करपले असेल तर ते लिहून कळवण्याचा प्रामाणिकपणा मला भावला, परंतु नमुना जाळल्यावर जी खनिजे उरतात त्यांना राख म्हणतात, असे समजल्यावर तोही भ्रम गेला. अमेरिकेतील नियमांनुसार नावात 'कोंबडीयुक्त' म्हणायचे तर कोंबडी निदान 3 टक्के लागते, आणि नुसते 'कोंबडीच्या स्वादाचे' म्हणायचे तर तेवढीही लागत नाही. स्वाद जाणवला की पुरे. जाहिरातीचे मराठी लिहिणाऱ्यांपेक्षा ही मंडळी विभक्तिप्रत्ययांचा विचार अधिक गांभीर्याने करतात, असे माझे मत झाले.

धान्यविरहित पिशवीही पुढे करण्यात आली. 2018 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. त्यातून अंतिम निष्कर्ष निघाला नसला, तरी खंड्याला धान्याचे वावडे नसल्याने मी त्या वाटेला गेलो नाही.

अखेर 'प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण आणि संतुलित' असे स्पष्ट लिहिलेली कोरडी पिशवी आणि तिच्यासोबतचा मोजायचा प्लास्टिकचा पेला घेऊन घरी आलो, तेव्हा आता किती द्यायचे हा प्रश्न दारातच उभा होता. पिशवीवरचा तक्ता 270 ते 350 ग्रॅम म्हणत होता. पशुवैद्यांना फोन केला, तर त्यांनी सूत्र सांगितले: वजनाचा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढा, त्याला 70 ने गुणा आणि कुत्र्याची नसबंदी झालेली असल्यास 1.6 ने. खंड्याचे 20 किलो या यंत्रातून गेल्यावर सुमारे 1,060 उष्मांक बाहेर पडले, म्हणजे या खाद्याचे 295 ग्रॅम. एवढे उष्मांक डब्यातल्या खाद्यातून द्यायचे असते, तर रोज किलोभर लागले असते. त्यातूनही 10 टक्के खाऊसाठी राखायचे होते, कारण घरातील इतर मंडळी खंड्याला खाऊ देतात आणि कबूल करत नाहीत. बायकोने हे सगळे ऐकून, "आपल्या मुलाच्या दहावीला इतकी बेरीज केली नव्हती तुम्ही," एवढेच म्हटले.

जुने खाद्य एकदम बंद केल्यास पोट बिघडते, म्हणून आठ दिवस नव्याचे प्रमाण थोडेथोडे वाढवले. या काळात मी रोज काट्यावर ग्रॅम मोजत असे, आणि खंड्या तो वाडगा एका दमात रिकामा करून, यात पाव भाग नवा होता की अर्धा, याबद्दल कोणतेही मत न नोंदवता माझ्याकडे पाहत असे. नवव्या दिवशी सकाळी पूर्ण नवे खाद्य मोजायला गेलो, तर पेला जागेवर नव्हता. त्याची मूठ तेवढी खंड्याच्या अंथरुणावर सापडली. पेल्यात पाणी शून्य टक्के असावे, इतके मी आता स्वतःच काढू शकतो. प्रथिनांसाठी मात्र पशुवैद्यांना पुन्हा फोन करावा लागला.