पुरोगामी विचारांनी घरं मोडली?
एका लेखात म्हटलंय पुरोगामी विचारांमुळे कुटुंबं मोडली, घटस्फोट वाढले. अहो आमच्या बडोदा संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1904 लाच बालविवाहाविरुद्ध कायदा केला, 1906 ला सगळ्या राज्यात सक्तीचं शिक्षण, मुलींनासुद्धा, आणि 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा, म्हणजे देशाच्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कितीतरी आधी!! मग काय बडोद्याच्या दांडिया बझारातली सगळी घरं मोडली का? उलट लोक दंड भरून पोरांची लग्नं लावत होते म्हणे, कायदा पुढे आणि माणसं मागे.

आणि हे लेबल लावणं पण जरा अवघडच आहे. माझी आजी कडक सोवळ्यातली, लोणच्याच्या बरणीला आम्हाला हात लावू द्यायची नाही, पण आत्याला युनिव्हर्सिटीत पाठवायचं म्हणून आजोबांशी आठ दिवस अबोला धरला तिने. काका मात्र भाषणात एकदम पुरोगामी, समता वगैरे, आणि घराच्या वाटणीची वेळ आली तेव्हा आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन मोकळे, 2005 नंतरची गोष्ट आहे ही, कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाल्यावरची. आत्या तेव्हापासून दिवाळीला येत नाही. आता सांगा, आमचं घर कोणत्या विचाराने मोडलं?