उपाशी मुलांचं नाव काढून ‘थँक्यू येशू’?

ताटावर बसलेलं लेकरू तोंड वाकडं करतं आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "कितीतरी मुलांना एवढंही मिळत नाही. तुला मिळालंय ना? मग हात जोड आणि येशूला थँक्यू म्हण." हेतू चांगला असतो, मान्य. पण मला हे मुळीच पटत नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय काढून बघा, येशूने सांगितलेली गोष्ट आहे. मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, काय करतो? आभारच मानतो! मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखाही (लोक ज्याला पापी समजत त्या कर गोळा करणाऱ्यासारखाही) नाही, म्हणून आभार. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार, छाती बडवत दयेची भीक मागणारा. दुसऱ्याकडे नाही अन् माझ्याकडे आहे, या हिशोबातून देवाचे आभार मानायला शिकवलं, तर पोराला आपण परूश्याच्या शेजारी नेऊन उभं करतो. उपाशी मुलांची आठवण काढूच नये असं नाही. ती काढावी त्यांच्यासाठी मागताना. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना रोजची भाकर एकट्यासाठी मागतच नाही, ‘आम्हाला’ दे म्हणते.

दुसरा प्रकार धमकीचा. "थँक्यू म्हटलं नाहीस तर देव काढून घेईल." येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं खरं. पण त्यांचा रोग परत आला असं लूक कुठेही लिहीत नाही.

आणि रडणाऱ्या मुलाकडून आभार वदवून घेऊ नका हो. बायबलमधलं १३वं स्तोत्र उघडा: देवा, कुठवर मला विसरणार, अशी सरळ तक्रार आहे. गाणं येतं ते शेवटी. खेळणं मोडलेल्या मुलाला आधी देवाकडे कुरकुर करू द्या. मोठ्यांना चालतं, मग त्याला का नको?

मग शिकवायचं कसं? लूकच्या ११व्या अध्यायात येशू प्रार्थना करत असतो. ती संपल्यावर एक शिष्य म्हणतो, आम्हालाही शिकवा. आधी पाहिलं, मग मागितलं. तेव्हा आई-बाबांनी स्वतः मोठ्याने प्रार्थना करावी, छोटीशी, त्या दिवसातली एखादी खरी गोष्ट नाव घेऊन. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ हे मुलाला कळत नाही. ताप उतरला, हे कळतं. (पाळकांच्या लांबलचक प्रार्थनेची नक्कल घरी करायची गरज नाही. प्रार्थनेत उगाच बडबड करू नका, असं येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात म्हटलंच आहे.) मूल मुंगीबद्दल किंवा नव्या चपलेबद्दल आभार मानेल. हसू आवरा आणि आमेन म्हणा.