प्रेसवर लागताय? मग बोट विचार करून निवडा

पुण्याजवळ भोसरी-चाकणकडच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशिनवर, ठेकेदारामार्फत चिकटला असाल, तर अभिनंदन. आधारची झेरॉक्स देऊन झाली, बुटांचे पैसे पहिल्या पगारातून कापायचं ठरलं, रूमवर चौथा पार्टनरही मिळाला. आता एकच काम राहिलंय. कोणतं बोट द्यायचं ते ठरवलंत का? माणसं पंधरा हजारांचा मोबाइल घ्यायला चार दुकानं पालथी घालतात आणि बोटाच्या बाबतीत मात्र डायखाली, म्हणजे मशिनच्या साच्याखाली, येईल ते देऊन मोकळी होतात. नंतर पस्तावतात.

वास्तविक सरकारने सगळी सोय केलेली आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अवयवांचे भाव व्यवस्थित छापलेत. अंगठा 30 टक्के. तर्जनी 14. मधलं 12. अनामिका आणि करंगळी, दोन्ही 7. कमाईची ताकद इतकी गेली असं धरायचं. तर्जनीचं एकच पेर गेलं तर 9, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर 5. उजवा-डावा असा भेदभाव नाही. तुम्ही कोणत्या हाताने जेवता याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेलाय, पण बोटांचा भाव काही वाढलेला नाही.

सुट्या बोटांपेक्षा जोडीचा भाव वेगळा असतो, हे मात्र नीट समजून घ्या. तर्जनी आणि मधलं यांची बेरीज होते 26. पण एका हाताची दोन बोटं एकदम गेली की 20 टक्केच. भाजीवालीसुद्धा दोन जुड्या घेतल्या तर कमी लावते, तसंच. तीन गेली तर 30, म्हणजे एका अंगठ्याइतकी. चारही गेली तर मात्र थेट 50. सुटी बेरीज 40 च भरते, त्यामुळे घाऊक व्यवहारात दहा टक्के वरकड सुटतात. एवढी हिंमत असेल तर चारच द्या, मध्येच थांबू नका.

वयाचंही बघा. भरपाईच्या हिशेबात वयानुसार एक गुणक धरतात: पंचविसाव्या वर्षी तो 216.91 आहे, चाळिशीत तो 184.17 वर येतो. 2020 च्या जानेवारीत केंद्राने हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा 15,000 केली. त्याचे 60 टक्के, गुणिले गुणक, त्यातले बोटाचे टक्के. पंचविशीत अंगठ्याचे 5,85,657 रुपये होतात, चाळिशीत 4,97,259. आळस केलात की अठ्ठ्याऐंशी हजार बुडाले. करंगळीचे पंचविशीतही 1,36,653 च, म्हणजे एक बरी मोटारसायकल. फक्त क्लच दाबायला कोणता हात उरलाय ते बघून घ्या.

कंपनीने ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरलेला असेल तर हे सगळं गणित विसरा, तिकडे पेन्शन बसते. तुमचं कार्ड निघालंय का ते आत्ताच विचारू नका, सुपरवायझरला राग येतो. काही ठिकाणी बोट गेल्यावर त्याच दुपारी कार्ड निघतं. एरवी सहा महिने हेलपाटे घालायला लावणारं ऑफिस त्या दिवशी काय झपाट्याने चालतं म्हणता!

आता प्रत्यक्ष कृती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा ठोकळा, खाली येऊ नये म्हणून. पण असं करत बसलात तर टार्गेट कधी निघणार? म्हणून एका बटणात लाकडाची पाचर बसवलेली असते. ती कोणी बसवली हे विचारायचं नाही. ती तुमच्याआधीपासून आहे, तुमच्यानंतरही राहील. अपघात झाला की मात्र ती तुम्हीच बसवली होती असं निघतं. सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं तर भरपाई नाही, असं कायद्यात आहे. अपवाद दोनच: माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला किंवा मेला तर ही चूक पोटात घातली जाते. तेव्हा पाचरीच्या मशिनवर असाल तर अर्धवट काम करू नका.

बोट गेल्यावर मालकाच्या ओळखीच्या दवाखान्यात नेतील तिथे जा. केसपेपरवर ‘घरी दरवाजात बोट सापडले’ असं लिहिलं तर दुरुस्त करायला सांगू नका, डॉक्टर कामात असतात. पाच हजार हातात ठेवून कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागतील, ती आनंदाने द्या. असा करार मुळात रद्दबातल असतो, मूळ कंपनीही ठेकेदाराच्या माणसाला जबाबदार असते, महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर निम्म्यापर्यंत दंड लागतो, दावा दोन वर्षांत कामगार न्यायालयात करायचा असतो. ही माहिती घरच्यांना कळता कामा नये, उगाच पोरं वकील शोधत फिरतात.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही: अपघातानंतर घरी पडून राहायचं नाही. जखमी कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही तर कंपनीला कारखाना निरीक्षकाला कळवावं लागतं, आणि कंपनीच्या फाटकावर ‘अपघातमुक्त दिवस’ लिहिलेला फळा असतो. तो आकडा तुमच्यामुळे शून्यावर आला तर बरं दिसेल का?

मी लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. लातूरकडचा पोरगा, तेवीस वर्षांचा. बोट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी पाठवून त्याला आणलं. सिक्युरिटी केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, कप डाव्या हातात, अर्धा चहा पँटवर. मग हजेरीच्या मशिनपाशी उभा केला. मशिनवर त्याची उजवी तर्जनी नोंदवलेली. तो नुसता काचेकडे बघत राहिला. एचआरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “अरे, दुसरं बोट दे ना.”