तारे मोजून अमेरिकन झेंड्याचं वय ठरत नाही

जुने अमेरिकन झेंडे विकत घेऊ पाहणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो: तारे मोजा, तक्त्यात वर्ष बघा, झालं. त्याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगतात. १३ तारे म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातला झेंडा, तारे गोलात असतील तर बेट्सी रॉसच्या (पहिला अमेरिकन झेंडा शिवल्याची कथा जिच्याबद्दल सांगतात तिच्या) काळातला, आणि मशीनची शिलाई दिसली की नकली. यावर विसंबलात तर पैसे बुडतील.

तक्त्यापासून सुरुवात करू. १८१८ च्या कायद्यानुसार नव्या राज्याचा तारा पुढच्या ४ जुलैला झेंड्यावर चढतो. झेंडे बनवणारे मात्र तोवर थांबत नसत. नोव्हेंबर १८८९ मध्ये चार राज्यं सामील होऊन संख्या ४२ झाली, तसे झेंडे धडाधड निघाले. ३ जुलै १८९० ला आयडाहो आलं आणि दुसऱ्या दिवशी अधिकृत आकडा थेट ४३ झाला. आठवड्याभरात वायोमिंगही आलं, त्यामुळे ४३ तारे लावायला फारसं कुणी धजावलं नाही. म्हणून कधीच अधिकृत नसलेला ४२ चा झेंडा सहज मिळतो, अधिकृत ४३ चा मात्र शोधत फिरावं लागतं.

१३ ताऱ्यांचे अस्सल अठराव्या शतकातले झेंडे अतिशय दुर्मीळ आहेत. १८७६ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीला असे झेंडे पुन्हा निघाले. नौदलाच्या लहान बोटींवर तर ते १९१६ पर्यंत होते, कारण छोट्या कापडावर ३८ किंवा ४५ तारे लांबून ओळखू येत नाहीत.

गोलाचं म्हणाल, तर झेंडा पहिल्यांदा ठरवणाऱ्या १७७७ च्या ठरावात ताऱ्यांची मांडणी सांगितलेलीच नाही. ती ठरली १९१२ मध्ये. बेट्सी रॉसची कथाही तिच्या नातवाने, विल्यम कॅन्बीने, १८७० मध्ये जाहीरपणे मांडली.

राहिली शिलाई. शिलाई मशीन १८५० च्या दशकापासून वापरात आहे. पट्ट्यांच्या लांब सरळ शिवणी मशीनवर आणि तारे हाताने, हे १८६० नंतरच्या झेंड्यांत नेहमीचंच. ताऱ्यांच्या कडेला झिगझॅग टाका असेल तर झेंडा साधारण १८९० च्या पुढचा धरा.

दहापट भिंगातून ताऱ्याची मागची बाजू बघा. अनेक झेंड्यांत दोन्ही बाजूंना मिळून तारा एकच असतो: मागचं निळं कापड ताऱ्याच्या आकारात कापून, कड आत दुमडून शिवलेली असते, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी दिसतो. त्या दुमडीच्या आत निळा रंग गडद असायला हवा, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. आतबाहेर रंग सारखाच विटलेला असेल तर कापड मुद्दाम जुनं केल्याचा संशय घ्या.

मग अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरा. धागा झगझगीत निळसर-पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा असणार, कारण अशी चमक कापड उजळवणाऱ्या आधुनिक रसायनांमुळे येते. पण एखाद्याच शिवणीत चमक असेल तर ती नंतरची डागडुजी असू शकते, आणि सगळं पांढरं कापड सारखं चमकत असेल तर कुणीतरी तो आधुनिक पावडरीने धुतलेला असू शकतो. झेंडा तेवढ्यावरून बाद करू नका.

आणि तपासणीआधी तो पाण्यात बुडवू नका. लाल रंग पांढऱ्या पट्ट्यांत उतरला की परत निघत नाही.