बदामाचे पैसे कुठून येतात?

दसरा चौकातून जमिनीसाठी मोर्चा निघाला की संध्याकाळपर्यंत पेठेतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोर्चेकऱ्यांची यादी हजर. नावं, फोटो, खाली लाल अक्षरात ‘यांना ओळखा’. परवा पुन्हा आली. बाकी जाऊ दे, पण फोटो कापताना शेजारच्याचा खांदा तसाच राहिला होता. इतकं गबाळं काम कोल्हापुरात शोभत नाही. म्हणून सत्तेत बसलेल्या, किंवा सत्तेच्या दारात चपला काढून बसलेल्या तुम्हा होतकरूंसाठी चार गोष्टी.

समोरासमोर जोड लावू नका. मोजणी कुठल्या गटात, मोबदला कुठल्या दराने, यावर बोलायला गेलात तर मोर्चेवाला पिशवीतून सातबारा काढेल. पैलवान आखाड्यात पडत नसेल तर त्याच्या बदामाचे पैसे कुठून येतात ते विचारावं. उत्तर मिळायची गरज नाही. प्रश्न तालमीबाहेर गेला की झालं.

‘अमुक तारखेला इतके घेतले’ असं कधीही लिहू नका. ते खोडता येतं, वर अब्रुनुकसानीचा दावा लागतो. ‘यांच्यामागे कोण?’ एवढंच लिहा. शिक्काही असा निवडा, की त्याची व्याख्या कुठं सापडू नये. ‘तुकडे तुकडे गँग’बद्दल माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं कळवलं की आमच्याकडे काही माहिती नाही. शब्दाचं काही अडलं का? ‘आंदोलनजीवी’ तर फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत खुद्द पंतप्रधानांनीच दिला.

बातमी शुक्रवारी संध्याकाळी सोडा. खुलासा सोमवारी येतो, आतल्या पानावर.

मोर्चाच्या आदल्या रात्री प्रतिबंधक नोटीस द्या. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम १४९, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८. मग चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेणारी कारवाई, मग हद्दपारीचा प्रस्ताव. मंजूर होवो न होवो, ‘प्रस्तावित’ हा शब्द बातमीला पुरतो. नोटीस बजावतानाचा फोटो मात्र विसरू नका.

आणि मोठा मासा असेल तर पत्र. बनावट पत्रांचं कोल्हापूरला अप्रूप नाही म्हणा. इथल्या दिवाणांविरुद्धची पत्रं छापली, ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तेव्हा पत्र छापणारा आत जायचा. आता सुधारणा झाली आहे. पत्र ज्याच्या लॅपटॉपमध्ये सापडतं तो आत जातो, वाचून दाखवणारा पत्रकार परिषद घेतो. ३१ ऑगस्ट २०१८. भीमा कोरेगाव प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, आरोपपत्राचा पत्ता नाही, आणि पोलीस कॅमेऱ्यांपुढं पत्रं वाचताहेत! त्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये ही पत्रं बाहेरून मालवेअरनं घुसवली, असा आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी डिजिटल तपास कंपनीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. एनआयएनं, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, तो मानला नाही. विल्सन जामिनावर सुटले जानेवारी २०२५ मध्ये. अटक झाली त्या जून २०१८ पासून मोजा. याच प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी अटकेवेळी ८३ वर्षांचे, पार्किन्सननं हात थरथरायचा, पाणी प्यायला स्ट्रॉ हवा होता. त्यासाठी कोर्टात तारखा. ५ जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा खटला उभासुद्धा राहिला नव्हता. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली २०१८ ते २०२० मध्ये अटक ४,६९०, दोषी १४९. आकडा सरकारनंच संसदेत दिलेला. उरलेल्यांच्या पोरांना शाळेत काय म्हणाले असतील, दुकानदारानं उधारी बंद केली असेल, भाड्याची खोली गेली असेल, त्याचा आकडा कुणाकडं आहे?

आता टिपा बस झाल्या.

पत्रं लिहिणारे लिहितील, त्यांचा तो धंदा आहे. पण तुम्हाला, भावांनो, कोण पैसे देतं? अंगठा दाबून यादी पुढं पाठवता, खाली ‘जसं आलं तसं’ लिहून हात झटकता. त्या यादीतला माणूस तुमच्याच बँकेत रांगेत उभा असतो, त्याला एकदा तरी विचारलंत? या शहरात टोलच्या मोर्चात पुढं चालणारे कॉम्रेड गोविंद पानसरे, आपले पानसरे अण्णा, सकाळी फिरायला गेले होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, १६ फेब्रुवारी २०१५ ला. टोल गेला तो त्यांच्यानंतर. शिरोली नाक्यावरून पावती न फाडता गाडी काढता ना? मग तेवढ्यापुरती तरी लाज बाळगा, आणि ती यादी डिलीट करा.