तरुण मुलींवर आळ घेणारा मेसेज आणि 2001 चं कोल्हापूर

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज कोल्हापुरातल्या बहुतेक ग्रुपांवरून फिरून गेला. माझ्याकडे तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या भावकीच्या ग्रुपवर. शेवटी एका माजी विद्यार्थिनीनं तो "मॅडम, ह्याला काय उत्तर द्यायचं?" असं विचारत पाठवला. मजकूर थोडक्यात असा: आजच्या पिढीला गर्भपाताचं काहीच वाटेनासं झालंय. कॉलेजच्या पोरी मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि मोकळ्या होतात. सरकारनं कायदा बदलून 24 आठवड्यांपर्यंत कुणालाही रान मोकळं केलंय. आमच्या काळात असलं काही नव्हतं. मुलींची संख्या घटली ती यामुळंच. एकदा गर्भपात केला की पुढं मूल होत नाही. आणि खाली मागणी: नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या सहीशिवाय डॉक्टरांनी हात लावू नये.

मेसेज पाठवणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. त्यांना यातलं बरंचसं खरं वाटतं, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"आमच्या काळात नव्हतं" इथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं याच वाक्यावर उभं आहे. केंद्र सरकारनं 1964 मध्ये शांतीलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचा 1966 चा अंदाज असा होता, की देशात वर्षाला सुमारे 39 लाख गर्भपात करवून घेतले जातात. तेव्हा बाईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात हा गुन्हाच होता. म्हणजे हे बहुतेक सगळं चोरून, सुईणीकडं, वैदूकडं, काहीबाही घेऊन. त्यात बायका मरत होत्या. त्या थांबवण्यासाठी 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. आणखी मागं जायचं तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, ते विधवांवर तशी वेळ येत होती म्हणूनच. आपल्या आज्यांच्या पिढीत हे सगळं होतं. ते माजघरात बोललं जायचं आणि पुरुष आले की विषय बदलायचा.

आता त्याहून जवळचा काळ. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं मुली होत्या 839. राज्याचा आकडा 913 होता. ऊस, दूध, साखर कारखाने, शाहू महाराजांचा वारसा, हे सगळं असलेल्या जिल्ह्याची ही अवस्था. विधवाविवाहाला 1917 मध्ये कायद्यानं मान्यता देणाऱ्या राजाच्या जिल्ह्यात पोटातल्या मुली मारल्या जात होत्या, आणि त्या गरिबीपोटी नव्हे. त्यासाठी सोनोग्राफीचे पैसे लागत होते, गाडी लागत होती, ओळखीचा डॉक्टर लागत होता.

ते कुणी केलं? लग्न झालेल्या जोडप्यांनी, घरच्यांच्या संमतीनं, पुष्कळदा सासूच्या आग्रहानं. त्या जनगणनेत मोजली गेलेली मुलं 1994 ते 2001 च्या दरम्यान जन्मलेली. आज ती पंचविशी-तिशीत आहेत. ज्या पिढीवर हा मेसेज बोट रोखतो, ती हीच पिढी. तिच्यातल्या मुली जन्मायच्या आधीच कमी करण्यात आल्या, आणि कमी करणारे होते आजचे पन्नाशी-साठीतले लोक. गावोगावी पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून जी रड चालली आहे, तिच्या मुळाशी तेच दिवस आहेत. मग मुलींची संख्या घटल्याचं खापर आजच्या मुलींच्या डोक्यावर कुठल्या हिशेबानं फोडायचं?

कोल्हापूर यातून थोडं सावरलं तेही सांगायला हवं. लक्ष्मीकांत देशमुख इथं जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी उपकरणं बसवली गेली, तपासणीचे अर्ज ऑनलाइन भरायला लावले. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रशासनाची बाजू ग्राह्य धरली. 2011 च्या जनगणनेत राज्याचा आकडा 894 पर्यंत खाली आला, तेव्हा आपला जिल्हा मात्र थोडा वर सरकला होता. तरी 2017 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एका बाईचा मृत्यू झाल्यावर पुरलेले 19 भ्रूण सापडलेच.

या इतिहासामुळं इथं एक गोंधळ घट्ट रुजला आहे. गर्भपात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्त्रीभ्रूणहत्याच येते. भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, शाळेच्या प्रभातफेरीत तेच ऐकत आपण वाढलो. त्या मोहिमेची गरज होती. पण कायदे दोन आहेत. लिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा, आणि ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा. बहुसंख्य गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात, आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीनं कळायला तेरा-चौदा आठवडे तरी जावे लागतात. यावरूनच दिसतं, की बहुतेक बायका गर्भपाताला येतात त्या लिंग बघून नव्हे, तर मूलच आत्ता नको असतं म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, जवळपास निम्म्या म्हणजे 48 टक्के गर्भपातांचं कारण 'ठरवून राहिलेला गर्भ नव्हता' हेच नोंदलं गेलं.

तरुण मुलामुलींचा दृष्टिकोन बदलला आहे, हे मी रोज बघते. पण बदल मेसेज म्हणतो तिकडं झालेला नाही. वर्गात लिंगनिदानाच्या कायद्यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी पन्हाळ्याकडची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, माझ्यानंतर आईचं दोनदा क्युरेटिंग केलं. तिला कुणी विचारलंच नाही. दादी म्हणाली चल, की ही गेली. मग भाऊ झाला." थोडं थांबून म्हणाली, "माझ्यावर वेळ आली तर ठेवायचं का नाही, ते मला विचारा की कुणीतरी." वर्गात कुणी हसलं नाही. मुलंही नाहीत. मुलगी आहे म्हणून पाडणं या मुलांना किळसवाणं वाटतं, आणि बाईला तयारी नसताना मूल लादणंही अन्यायाचं वाटतं. आमच्या पिढीला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. यांना येतात.

"काहीच वाटेनासं झालंय" याचंही उत्तर मला याच मुलींकडून मिळालं. आरोग्यावरच्या व्याख्यानाला आम्ही चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवतो, नाव लिहायचं नसतं. त्यात येणारे प्रश्न असे: घरी कळेल का? पाप लागतं का? डॉक्टर ओरडतील का? गोळी घेतल्यावर रक्त थांबत नसेल तर कुठं जायचं? हे प्रश्न घाबरलेल्या मुलींचे आहेत. ज्यांना काहीच वाटत नाही, त्या असले प्रश्न लिहीत नाहीत.

गोळ्यांचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. गोळ्या घरी घेतल्या जातात आणि मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात. 2015 सालाबद्दलच्या एका मोठ्या अभ्यासात देशात वर्षाला 1 कोटी 56 लाख गर्भपात होत असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झालेले. एवढ्या बायका कॉलेजच्या असूच शकत नाहीत. आपल्याकडं गर्भपात करवून घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया विवाहित असतात, बऱ्याच जणींना एक-दोन मुलं असतात. या मेसेजखाली हात जोडलेले इमोजी टाकणाऱ्यांच्या घरातही असं घडलं असण्याची शक्यता दाट आहे.

गोळ्या चांगल्या आहेत की वाईट हा प्रश्नच नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहेत. घोळ होतो तो दिवस चुकीचे मोजले की, किंवा गर्भ पिशवीत नसून नळीत असला की. नळीतल्या गर्भावर या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी तपासणी हवी. तासाला दोन मोठी पॅड भिजून जाताहेत आणि असं दोन तास सलग चाललंय, किंवा ताप उतरत नाही, तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना, गाठायचा. मुली दवाखाना टाळतात त्या लाजेपोटी आणि धाकापोटी, आणि हा मेसेज तोच धाक वाढवतो.

पुढं मूल होत नाही, हे नीट केलेल्या गर्भपाताबद्दल खरं नाही. अर्धवट राहिलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या, चोरून केलेल्या गर्भपातानं धोका होतो.

24 आठवड्यांचं रान मोकळं? 2021 ची दुरुस्ती वाचली असती तर हे वाक्य लिहिलं गेलं नसतं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं, आणि तेही नियमांत नेमून दिलेल्या स्त्रियांसाठीच: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या. सरकारनं जाहीर केलेल्या आपत्तीत अडकलेल्या स्त्रियाही त्या यादीत आहेत, आणि 2019 चा, 2021 चा महापूर बघितलेल्या शिरोळ-करवीरच्या माणसाला ते का, हे सांगायची गरज नाही. चोवीसच्या पुढं फक्त गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी, किंवा बाईचा जीव वाचवायचा असेल तर. ऑक्टोबर 2023 मध्ये दोन मुलांची आई असलेली, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडणारी एक विवाहित स्त्री सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सव्वीस आठवडे उलटले होते, परवानगी मिळाली नाही. बाईनं मागितलं की मिळतं असा हक्क आपल्या कायद्यात आजही नाही. अटींबाहेरचा गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 प्रमाणं गुन्हाच आहे.

खरा बदल झाला तो वेगळा. पूर्वी गर्भनिरोधक फसल्याचं कारण विवाहित स्त्री आणि तिचा नवरा यांनाच सांगता यायचं. 2021 मध्ये तिथं 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांच्या खंडपीठानं सांगितलं, की अविवाहित स्त्रीला वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही. नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात धरावी, असंही त्याच निकालात आहे. हे शेवटचं वाक्य ग्रुपांवर फिरायला हवं होतं, ते कुणी फिरवलं नाही.

राहिली सहीची मागणी. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, बापाची, सासऱ्याची सही कायदा मागत नाही. पालकाची लेखी संमती लागते ती अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. तरीही दवाखाने सही मागतात. माझ्याच ओळखीतल्या तेवीस वर्षांच्या मुलीला एका खासगी दवाखान्यात "वडिलांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं. दुसरा दवाखाना शोधण्यात तिचे तीन आठवडे गेले, आणि जे गोळ्यांवर भागलं असतं त्यासाठी शेवटी पिशवी साफ करावी लागली. वडील तर आले नाहीतच, फक्त तिची जोखीम वाढली.

डॉक्टरांनी घरी कळवावं, असंही त्या मेसेजखाली बऱ्याच जणांनी लिहिलंय. गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्यानं अधिकार नसलेल्या कुणालाही सांगणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण तिनं आणि पालकांनी विनंती केली तर त्या अहवालात तिचं नाव देण्याची गरज नाही, हेही 2022 च्या त्याच निकालात स्पष्ट केलं आहे.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ज्याच्यामुळं गर्भ राहिला त्या मुलाचा उल्लेख एकदाही नाही. 2019 ते 2021 च्या त्याच सर्वेक्षणात देशात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांचं कुटुंब नियोजनाचं साधन त्यांची स्वतःची शस्त्रक्रिया हेच होतं. पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के. गर्भ राहू नये म्हणून टाके पडणार बाईच्या पोटावर, राहिला तर गोळी घेणार ती, आणि बदनामीही तिचीच. माझ्या माजी विद्यार्थिनीला मी हेच आकडे पाठवले. तिनं ते ग्रुपवर टाकले आणि खाली तिच्या चुलत भावाला थेट विचारलं, "दादा, तुझी सही कुणी मागितली होती का रे?"