स्पष्टवक्ता यांस, थोडं सविस्तर

मागच्या आठवड्यात वडील गेलेल्या मुलांच्या शिक्षणखर्चावर, आणि आम्ही पाच बायका अशा १४ मुलांना जो हातभार लावतो त्यावर, लिहिलं होतं. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

“ताई, राग मानू नका, पण महिन्याला हजार-बाराशे टाकून तुम्ही मंडळी घरबसल्या पुण्य विकत घेता. पैशाने पोरं शाळेत टिकत नाहीत, घरात कुणी पाठीशी उभं राहिलं तर टिकतात. सरकार पैसे देतंच. आणि तुमच्या १४ मुलांपैकी बारावीपर्यंत किती पोचली, हे अख्ख्या लेखात कुठेच नाही.”

‘राग मानू नका’ म्हणणारा माणूस पुढे राग येईल असंच बोलतो, हे मी ३० वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून शिकले आहे. स्वतःचं नाव नाही, गाव नाही, मी मात्र ताई. असो.

एक चूक आधी कबूल करते. अशा मुलांसाठी असलेल्या सरकारी बालसंगोपन योजनेचे महिन्याला १,१०० रुपये मिळतात असं मी लिहिलं होतं. ते २०२३ पासून २,२५० झाले आहेत. तुमच्या ‘सरकार देतंच’वरून तपासायला गेले तेव्हा कळलं; लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मानते. दाखवण्याची एक रीत असते, एवढंच.

आता ‘पुण्य विकत घेता’. पुण्यच हवं असतं तर त्याला याहून सोप्या जागा आहेत हो. शेगावला जाऊन देणगीची पावती फाडली असती, दर्शन झालं असतं, प्रसाद घेऊन संध्याकाळपर्यंत घरी. त्याऐवजी आम्ही पाच बायका दर जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे घेऊन एसटीने खेड्यांत कशाला हिंडतो?

जून कसा असतो ते सांगते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पेरणीही त्याच सुमारास येते. घरात असतील नसतील ते पैसे बियाण्यात जातात. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी फुकट. नववीत दोन्ही एकदम बंद. गावातली शाळा सातवी-आठवीला संपलेली, हायस्कूल तालुक्याला. मुलीला एसटीचा पास मोफत आहे, पण बस थांबते तो फाटा गावापासून ३ किलोमीटर. त्यात गणवेश, गाइड, पुढे दहावीची परीक्षा फी. आणि हे अशा घरात, जिथे कर्त्या शेतकऱ्याने जीव दिलाय आणि सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘अपात्र’ ठरलंय. पात्र ठरलं असतं तरी मदत १ लाखाची, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. सरकारचा महिन्याचा हप्ता नेमका जूनमध्ये खात्यात पडेल, यावर कोणती माय भरवसा ठेवून बसेल? तेव्हा तुम्ही नाक मुरडता ते हजार-बाराशे कामाला येतात. घरबसल्या हे दिसत नाही, हे मात्र तुमचं खरं.

आणि हे मी ऐकीव सांगत नाही. १९७६ साली माझे वडील साप चावून गेले. मी सहावीत. दारव्ह्याकडचं खेडं, दोन एकर कोरडवाहू, आम्ही तिघी बहिणी. तालुक्यातल्या एका कापड दुकानदाराने माझा वसतिगृहाच्या मेसचा खर्च उचलला, महिन्याला ३५ रुपये. चार वर्षं. त्यांनी माझ्याकडून एक पत्रही कधी मागितलं नाही. दिवाळीला फ्रॉकचं कापड द्यायचे, तेही तुकडा उरलाय म्हणून. त्यांनी पुण्य विकत घेतलं का? घेतलं असेल तर माझी दहावी झाली हीच त्याची पावती.

मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर उन्हाळ्यात स्थळ घेऊन यायचे आणि माय त्यांना ओसरीवरूनच वाटेला लावायची. एकदा तर पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. आता तुम्ही म्हणाल, बघा, माय पाठीशी होती म्हणून. म्हणा. पण मोठेबाबांना ‘पोरीचा खर्च तुमच्यावर नाही’ हे तोंडावर सांगायचं बळ तिला कुठून आलं? ३५ रुपयांतून आलं. निदान मला तरी असं वाटतं. मायला विचारायला आता ती नाही.

बरं, माझी गोष्ट नको. २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात वायडिक, ग्लेव्ह आणि रटलेज यांचा अभ्यास आला. सहा देश, त्यांत भारतही; १०,१४४ माणसांची माहिती. लहानपणी प्रायोजकाचे पैसे मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा सरासरी वर्ष-दीड वर्ष जास्त शिकली, आणि माध्यमिक शाळा पूर्ण करणारी मुलंही त्यांच्यात बरीच जास्त निघाली. त्या कार्यक्रमात पैशाबरोबर शिकवणी होती, जेवण होतं, तब्येतीची तपासणी होती, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तेच पकडणार. पण ती शिकवणी आणि ते जेवण काय आभाळातून पडलं? पैशाने पोरं शाळेत टिकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांच्या क्लासची फी आधी थांबवून बघावी. हे जरा लागेल असं लिहिलंय, पण खोडत नाही.

राहिला १४ मुलांचा प्रश्न. आम्ही काही कंपनी नाही की वार्षिक ताळेबंद छापावा. काही मुलं पुढे गेली, काहींची लग्नं झाली, एक पुण्याला कामाला लागला. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याने यावं, वही उघडी आहे. मुलं कशी निवडता, मधेच कोण गळालं, हिशेब कोण तपासतं, हे सगळं तुमच्या मनात असणारच. त्याची उत्तरं देत बसले तर रात्र जाईल. उद्या सकाळी एका मुलीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, आणि तिचा उत्पन्नाचा दाखला अजून हातात आलेला नाही.